कोऱ्या भिंती

घर विकण्याआधी त्याच्या भिंतींत साठलेले आवाज पुसून टाकणं एजंटांना बंधनकारक होतं. देवयानी खरातने त्याचं प्रशिक्षण घेऊन नुकताच परवाना मिळवला होता. तिचं पहिलंच काम सुमेधा पाध्येंच्या फ्लॅटचं होतं. त्यांची मुलगी तिथेच दीर्घ आजारात गेली होती.

“पुसताना आवाज एकदाच ऐकू येतो, ताई. घरमालकाने तेव्हा बाहेर थांबायचं, असा नियम आहे.”

“मला आतच राहू दे गं.”

देवयानीने त्यांना आत ठेवूनच दार लोटून घेतलं आणि मुलीच्या खोलीतल्या भिंतीला यंत्र टेकवलं.

“आई, झोपलीस का?” भिंतीतून थकलेला आवाज आला.

“नाही, बाळा. जागीच आहे,” सुमेधाताई म्हणाल्या आणि पुढचं ऐकायला वाकल्या.

भिंत कोरी झाली होती.