डोंगराला हाक

वाळूजला कायम रात्रपाळी करणारा आणि दिवसा झोपणारा दिगंबर रजा काढून दोन्ही लेकरांना सोयगावच्या डोंगराशी घेऊन आला. तंबू उभा राहिला तेव्हा कलत्या उन्हानं त्याचं कापड आतून उजळलं होतं. दिगंबरनं डोंगराकडं तोंड करून हाक मारली. डोंगरानं ती सावकाश परत दिली.

"आता तुम्ही मारा."

छोट्या केशवनं छाती भरून श्वास घेतला, तोच रेणूनं त्याचं तोंड दाबलं. "गप ए! पप्पा हायेत ना."

"अगं, मी जागा हाय की!"

"व्हय, पण तुम्ही असले की हळूच बोलायचं असतंय," रेणू कुजबुजली.

दिगंबर उठला आणि पळसाच्या झाडामागं, लेकरांना दिसणार नाही असा जाऊन बसला.

थोड्या वेळानं डोंगर लेकरांच्या आवाजात बोलायला लागला.