शोधकाचं नाव

शोधकाचं नाव भूगोलात अमर होतं. कुठल्या सामुद्रधुनीला, कुठल्या शिखराला, गेला बाजार एखाद्या पेंग्विनला तरी ते दिलं जातंच. हा विचार मनात घोळवत उदयसिंहांनी गारगोटीच्या पुढच्या चढावर यझदी थांबवली, समोरच्या डोंगररांगांवरून नजर फिरवली आणि वाजणारा फोन उचलला.

"येताना नाचणी आणा," त्यांची बायको संयोगिता म्हणाली. "गेल्या वेळेसारखी कीड लागलेली नको."

उदयसिंहांनी उभा जन्म कॉलेजात भूगोल शिकवला. विद्यार्थी त्यांना 'नकाशा' म्हणत. मंगळवार पेठेतल्या दारावर वडिलांच्या नावाची पाटी, गॅसचं कार्ड बायकोच्या नावावर. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं नाव लावलेलं असं जगात काहीच नाही. मग त्यांनी कळंब्याच्या एका निवृत्त सरकारी नोकराकडून ही जुनी मोटारसायकल घेतली. तिच्या कॅरियरवर एक गोल लोखंडी कडं वेल्डिंग करून बसवलेलं होतं. कशासाठी, हे उदयसिंहांनी विचारलं नाही. चहाचा मोठा स्टीलचा थर्मास त्यात बरोबर बसला, एवढं त्यांना पुरलं.

आजचा अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा थोर होता. यझदीचा फटफटाट वाडीत शिरला की बायका दारात येत. कट्ट्यावरची म्हातारी माणसं उठून उभी राहत. म्हशीसुद्धा माना वळवून बघत. उदयसिंह हात उंचावून सगळ्यांचं स्वागत स्वीकारत पुढं जात होते. रस्ता संपला तिथं सावरमाळ लागलं. दहा-बारा घरं, फोनला रेंज नाही, आणि वाटेच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक म्हातारी.

"आलासा एकदाचं! सकाळधरनं वाट बघतोय की," ती म्हणाली. तिचं नाव धोंडुबाई. तिनं उदयसिंहांना घोंगड्यावर बसवलं आणि साय धरलेल्या दुधाचा तांब्या पुढं ठेवला. असं स्वागत त्यांचं सासुरवाडीतही झालं नव्हतं.

घरामागं एक देखणा डोंगर उभा होता. "याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"नाव कशाला? डोंगर हाय की त्यो."

"म्हणजे याला नावच नाही?"

"दुसरा कुठं हाय हितं, नाव घेऊन हाक माराय?"

उदयसिंहांनी माथ्याचा अंदाज घेतला. बिननावाचा डोंगर! अंधार पडायच्या आत माथा गाठता येणार होता. त्यांनी बुटाच्या नाड्या आवळायला घेतल्या.

"व्हय, उठाच आता," धोंडुबाई म्हणाली. "म्हस मागं बांधलीया. माजावर हाय. गेल्या दोन टायमाला वाया गेली बघा. कांडी भरा आन मग जावा निवांत."

तिची नजर थर्मासवर होती. उदयसिंहांना सगळं एकदम उमगलं. गाडीचा जुना मालक म्हणजे जनावरांचा डॉक्टर. लोखंडी कडं कृत्रिम रेतनाच्या कांड्यांच्या डब्यासाठी. माना वळवणाऱ्या म्हशी.

"आजी, मी जनावरांचा डॉक्टर नाही. यात चहा आहे."

धोंडुबाईनं झाकण काढून वास घेतला. "च्याच हाय की," ती म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. "आवाज गणपतराव डागदरांच्या गाडीचा, कडं बी त्येंचंच. मला वाटलं, नव्या डागदरास्नी दिली जनू." मग तिनं गोठ्याकडं बोट केलं. "आजचा दीस गेला की आनि तीन आठवडं. ती आटत आलीया. आन मला दुसरी न्हाय."

नवा डॉक्टर खालच्या गावात दूध संस्थेत बसला होता. त्याची गाडी गॅरेजात होती.

उदयसिंहांनी डोंगराकडं एकदा बघितलं. डोंगर जागेवरच होता. त्यांनी थर्मास काढून पायरीवर ठेवला आणि किक मारली.

उन्हं कलताना ते परतले. मागं धैर्यशील नावाचा तरणा डॉक्टर होता आणि कड्यात त्याचा कांड्यांचा डबा, माहेरी आल्यासारखा बसलेला. धैर्यशीलनं कोपरापर्यंत हातमोजा चढवला. "सर, जरा शेपूट धरा," तो म्हणाला. उदयसिंहांनी शेपूट धरलं. या मोहिमेत त्यांच्या हाती एवढंच लागलं.

"रेडीच हुदे रं बाबा," धोंडुबाई देवाला सांगत होती. "रेड्याला काय गाडीवर बसवून फिरवू?"

निघताना तिनं विचारलं, "पावणं, नाव काय म्हनायचं तुमचं?"

आख्ख्या दिवसात हे कुणी विचारलं नव्हतं. "उदयसिंह," ते छाती काढून म्हणाले.

"ध्यानात ठेवतो," धोंडुबाई म्हणाली.

डोंगर राहिला. नाचणीही राहिली. त्यावर संयोगिता जे बोलली ते आठवडाभर पुरलं.

वर्ष सरत आलं तेव्हा फोन वाजला. धोंडुबाईनं धैर्यशीलकडून नंबर मिळवला होता आणि रेंजसाठी बहुधा त्याच डोंगरावर चढली होती. "पावणं, म्हस याली! तुमचंच नाव दिलंया बघा!" एवढं बोलून रेंज गेली.

उदयसिंहांनी लगेच पायात चपला सरकवल्या. मग त्यांनी पाव किलो पेढे आणले. 'सह्याद्रीत आपलं नाव दिलं गेलंय,' एवढंच पेठेतल्या कट्ट्यावर सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. लोकांनी आपापल्या परीनं शिखरच गृहीत धरलं.

संयोगितानं पेढा अर्धा मोडला. "रेडी झाली का रेडा?"

आपलं नाव रेडीला कोण देईल, हे उदयसिंहांच्या आत्ता लक्षात आलं.

रेडा होता.