जिना तिकडे

"ताई, लिफ्ट चालू करा ना. गुडघे गेलेत माझे," भुयारी मेट्रोच्या फलाटावर काठी टेकत आलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले.

वैजयंताने त्यांना लगेच ओळखलं. स्टेशनसमोरच्या सोसायटीचे चेअरमन कारखानीस. तिची आई तिथे धुणीभांडी करायची. कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही, हा नियम यांचाच. सुजलेल्या पायांनी रोज जिना चढणारी आई एके दिवशी जिन्यातच कोसळली आणि गेली.

आता वैजयंता त्याच उपनगरातल्या मेट्रो स्टेशनवर नोकरीला होती आणि सफाईसाठी थांबवलेल्या लिफ्टची किल्ली तिच्या खिशात होती. त्यांचे थरथरणारे पाय बघून तिचा हात खिशात गेला. किल्ली काढता काढता तिने विचारलं, "काका, तुमच्या जिन्यात एक कामवाली वारली होती, शेवंता. आठवते?"

"कोण शेवंता?" ते वैतागले. "कामवाल्या काय, येतात नि जातात. तुम्ही लिफ्टचं बघा."

वैजयंताने किल्ली पुन्हा खिशात टाकली. "लिफ्ट बंद आहे. जिना तिकडे."

धापा टाकत ते निम्मा जिना चढले आणि कठड्याला धरून थांबले.

"सावकाश चढा," ती खालून म्हणाली. "मी शेवंताची मुलगी."