आईच्या बाजूचं दार

बाबांची जुनी फोर-बाय-फोर जीप डोंगरात कमी आणि आईच्या डोक्यात जास्त गेली. छत गळायचं, हॉर्न वळणावर आपला आपण वाजायचा, आणि आईच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं.

"हँडलला हात लावू नकोस, हातात येईल," असं बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग जिथे जाऊ तिथे ते आधी उतरायचे, बॉनेटला वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. गुडघे कुरकुरायला लागले तरीही.

"डबडं घ्यायचं तर निदान दार असलेलं घ्यावं माणसाने," आई उतरता उतरता म्हणायची.

बाबा गेल्यावर आईनेच गिऱ्हाईक शोधलं. तो आईच्या जागेवर बसला आणि त्याने दार लावून घेतलं. मी उघडून द्यायला निघालो, तोवर तो आतलं हँडल ओढून खाली उतरलासुद्धा.

"काकू, अख्ख्या गाडीत हे हँडल तेवढं कोरं आहे हो," तो म्हणाला.

आईने पुढे होऊन दार हळूच लावून घेतलं.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "दार खराब आहे."