बोटभर उंच

चित्रांतून मुलांचं मन जाणणाऱ्या समुपदेशक ताईंची एक रीत होती: घरच्यांनी आधी चित्र बघायचं, कागदामागे लिहिलेला विषय नंतर. लेकीच्या कागदावर एकटे बाबाच होते, भलेमोठे. डबा, अभ्यास, दुखणंखुपणं सगळं मी बघायचं आणि चित्रात मात्र हे! माझा नुसता जळफळाट झाला.

"आई कुठंय गं? आत्ताच्या आत्ता काढ मला!" तिच्या हातात खडू कोंबत मी ओरडले.

ती दचकली. मग मान खाली घालून तिनं बाबांशेजारी मला काढलं, त्यांच्याहून चांगली बोटभर उंच. तेव्हा कुठे माझा जीव शांत झाला. मी ऐटीत कागद उलटला.



मागे ताईंच्या अक्षरात विषय होता: ‘मला ज्यांची भीती वाटते’.