वाक्यात उपयोग

कपड्यांच्या कारखान्यात जेवणानंतर अर्धा तास बायकांना इंग्रजी शिकवायला एक मॅडम येत. आज 'ब्रेक' हे क्रियापद होतं.

"कप फुटतो तोही ब्रेक, दिलेला शब्द मोडतो तोही ब्रेक आणि हाड मोडतं तेही ब्रेकच," मॅडम म्हणाल्या. "भूतकाळात त्याचं होतं ब्रोक. चला, कोण वाक्यात उपयोग करून दाखवतंय?"

शर्टांची बटणं तपासणारी उभी राहिली. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडले, असं ती सांगायची. पण नवऱ्याने तिचा हात चौकटीवर दाबून धरला आणि वरून दार आपटलं, हे तिच्या शेजारणीने कधीच सगळ्यांच्या कानावर घातलं होतं.

"आय ब्रोक हिज हँड," ती म्हणाली.

कुणीच हसलं नाही. मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उलटं झालं गं. 'ही ब्रोक माय हँड' म्हण. त्याने तुझा हात मोडला."

 

"तो मागच्या आठवड्यात, मॅडम. आज सकाळी त्याने पुन्हा हात उगारला, तेव्हा माझ्या हातात इस्त्री होती."