वडिलांची उंची

डॉक्टरांनी आधी आईची उंची घेतली. एकशे एकसष्ट. मग त्यांनी वडिलांना चपला काढून भिंतीला पाठ लावायला सांगितलं. वडील सुतार होते. सांगितल्याबरोबर ते ओळंब्यात उभे राहिले.

क्लबच्या मैदानाच्या पायऱ्यांखालची ती खोली. एक टेबल, वजनकाटा, भिंतीवर ठोकलेली उंचीची पट्टी. तेरा वर्षांची मुलगी खिडकीशी बाकावर बसली होती, क्लबचे हातमोजे तिने अजून काढले नव्हते. सकाळी निवडीला बेचाळीस मुली आल्या होत्या. तिने वीसपैकी नऊ पेनल्टी अडवल्या आणि गोलकीपर घडवणाऱ्या बाईंनी तिच्या नावापुढे दोनदा बरोबरची खूण केली. आता फक्त मापं राहिली होती. गोलकीपरला उंची लागते आणि ती तेराव्या वर्षी दिसत नाही. म्हणून हा क्लब आईवडिलांना मोजतो, दोघांची बेरीज करतो, थोडं वजा करून निम्मं करतो, आणि पोर पुढे किती वाढेल ते आजच सांगून मोकळा होतो. एकशे सदुसष्टच्या खाली आलं की गोलकीपरची जागा नाही. घोडामैदान समोर असताना घोड्याचे आईबाप मोजायचा हा प्रकार, पण बऱ्याचदा अंदाज बरोबर येतो, असं डॉक्टरांचं म्हणणं.

पट्टी वाचायला डॉक्टरांना स्टुलावर चढावं लागलं. घरातले दिवे तुम्ही शिडीशिवायच बदलत असाल, असं ते गमतीने म्हणाले. एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यांनी कागदावर आकडेमोड केली. एकशे अडुसष्ट. एका सेंटिमीटरने का होईना, मुलगी नियमात बसली होती. तिने हातमोज्यांसकट टाळी वाजवली.

आईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. या माणसाशी तिचं लग्न झालं तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. आधीचा माणूस कुठे होता हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मुलीला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा वर्षं निघून गेली होती.

अर्जावर सही करायची होती. सुताराने पेन हातात घेतलं आणि विचारलं, अंदाज चुकला तर काय होतं? डॉक्टर म्हणाले, दर वर्षी एखाददुसरा चुकतोच. पोरी शाळा बदलून इथे राहायला येतात, तीन वर्षं घाम गाळतात, आणि सोळाव्या वर्षी त्यांना बोलावून सांगावं लागतं की बाळा, तू वाढली नाहीस, आता घरी जा.

"ते सांगायचं काम माझ्याकडे असतं," डॉक्टर म्हणाले. "नको वाटतं मला."

टेबलाखाली आईचा पाय सुताराच्या अनवाणी पायावर आला आणि तिथेच दाबून राहिला. गप्प बसा, असं ती म्हणत होती, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजचा दिवस सोन्याचा झाला असता. पण ओढूनताणून जुळवलेलं कपाट पुढे कधीतरी अडतंच, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. आणि तेव्हा अडणार होती ती पोर.

त्याने मुलीला हातमोजे सामानाच्या खोलीत परत देऊन यायला सांगितलं. ती पळतच गेली.

"माझी उंची धरू नका," तो डॉक्टरांना म्हणाला. "तिला वाढवलंय मी. पण रक्त माझं नाही."

डॉक्टरांनी दुसऱ्या माणसाची उंची विचारली. आईने बोलायच्याऐवजी स्वतःच्याच डोक्यावर आडवा हात धरला. तेवढाच होता. डॉक्टरांनी जुना आकडा खोडून पुन्हा हिशेब केला आणि एकशे चौपन्न लिहिलं. मग त्यांनी बाईंना फोन लावला. बाई फोनवर भांडल्या. पेनल्टी आईबापांनी नाही, पोरीने अडवल्यात, हे त्यांचं वाक्य खोलीभर ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, नियम मी केलेला नाही. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, आता मुलीला कारण काय सांगायचं.

"मी सांगतो," सुतार म्हणाला.

मुलगी धापा टाकत आली. तिने तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. या वेळी जागा मिळाली नाही, असं सुताराने तिला सांगितलं. चपला घालायचं निमित्त करून त्याने मान खाली घातली होती.

"पण एकशे अडुसष्ट आलं होतं ना?"

"परत मोजलं," तो उभा राहत म्हणाला. "माझी उंची कमी पडली."

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. आईला रडू आवरेना. मुलगी सुताराकडे बघत राहिली. त्याच्या तोंडापर्यंत नजर न्यायला तिला मान चांगलीच मागे टाकावी लागली. मग तिने आईकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे. तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याचा हात धरला आणि ती चालू लागली. उंबऱ्याशी मात्र थांबली.

"जरा वाकून, बाबा," ती म्हणाली. "दार ठेंगणं आहे."